एका जिल्ह्यातली अनेक हवामाने

जुलै महिन्यातल्या एखाद्या सकाळी इगतपुरीत समोरचा डोंगर दिसू नये असा पाऊस कोसळत असतो, त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरी ढगांत बुडालेला असतो, नाशिक शहरात पंचवटीपासून सिडकोपर्यंत नुसती भुरभुर चालू असते, सिन्नरला मळभ दाटलेले असते पण थेंब नसतो, आणि येवल्याचा शेतकरी मक्याची दुबार पेरणी करावी लागणार की काय या काळजीत आभाळाकडे पाहत असतो. त्या दिवशीच्या बातमीत मात्र ‘नाशिक जिल्ह्यात पावसाचा जोर कायम’ एवढे एकच वाक्य असते. हे वाक्य खोटे नसते. परंतु त्यावरून इगतपुरीच्या माणसाने काय करावे हे कळत नाही आणि येवल्याच्या माणसाने काय करावे हेही कळत नाही. हवामान म्हणजे काय आणि त्याचे प्रकार कोणते, हा शाळेच्या भूगोलात दोन गुणांसाठी विचारला जाणारा प्रश्न मला आता इतका महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण हेच आहे.

एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट वेळी वातावरणाची जी स्थिती असते, ते तिथले त्या वेळचे हवामान होय. तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग, ढग, पाऊस किंवा गारा किंवा दव, आणि किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते ती दृश्यमानता, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींनी ही स्थिती सांगितली जाते. यांपैकी प्रत्येक गोष्ट तासागणिक बदलते आणि मैलागणिक बदलते. म्हणून ठिकाण आणि वेळ न सांगता केलेले हवामानाचे कोणतेही विधान अपुरे असते. याच नोंदी वर्षानुवर्षे ठेवून त्यांची सरासरी काढली, म्हणजे त्या प्रदेशाचा स्थायी स्वभाव कळतो. जागतिक हवामान संघटनेच्या प्रथेप्रमाणे त्यासाठी सलग तीस वर्षांच्या नोंदी धरल्या जातात. नाशिकची हवा थंड आणि आल्हाददायक आहे, असे मुंबईचे पाहुणे म्हणतात तेव्हा ते या स्थायी स्वभावाविषयी बोलत असतात. उद्या दुपारी द्राक्षबागेत फवारणी करावी की नाही, हे त्या स्वभावावरून ठरत नाही. ते उद्याच्या हवामानावरून ठरते.

ही दोन मापे एकमेकांत मिसळली की मोठा घोटाळा होतो. दरवर्षी एप्रिलमध्ये भारतीय हवामान विभाग मान्सूनचा देशव्यापी अंदाज देतो. १९७१ ते २०२० या काळाच्या नोंदींवरून जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरलेली आहे आणि पाऊस तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे दिसले, तर तो ‘सरासरीइतका’ म्हटला जातो. हा अंदाज अचूक ठरलेल्या वर्षीही चांदवडला जुलैचे तीन आठवडे कोरडे जाऊ शकतात. त्यात अंदाजाची चूक नसते, कारण त्याने चांदवडच्या जुलैविषयी काही म्हटलेलेच नसते.

आता एकाच जिल्ह्यात इतकी हवामाने का नांदतात, ते पाहू. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन कोकणात शिरतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला येऊन भिडतात. पुढे जायला दुसरी वाट नसल्यामुळे ती हवा वर चढते. वर गेलेल्या हवेवरचा दाब कमी होतो, त्यामुळे ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली की जवळजवळ १० अंश सेल्सिअसने थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून एका उंचीनंतर त्याचे थेंब बनू लागतात आणि ढग तयार होतो. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिच्यामुळे ती हवा आणखी वर चढते आणि आणखी थेंब बनतात. कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येणाऱ्या रेल्वेतून पावसाळ्यात जो पांढरा पडदा खिडकीबाहेर दिसतो, तो म्हणजे जमिनीला टेकलेला हा ढगच असतो. माथा ओलांडल्यावर हवा उतरू लागते, उतरताना दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण, घटते आणि ढग विरळ होत जातात. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७०० मिलिमीटर, आणि सिन्नर, येवला, नांदगाव या पूर्वेकडच्या तालुक्यांत ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि बागलाणातला १,५६७ मीटरचा साल्हेर ही महाराष्ट्रातली सर्वांत उंच दोन शिखरे आपल्या जिल्ह्यात किंवा जिल्ह्याच्या सीमेवर आहेत. ज्या डोंगरांनी आपल्याला गोदावरी दिली, त्यांनीच पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत टाकले, ही आपल्या भूगोलाची मूळ गोष्ट आहे आणि ती जाणल्याशिवाय इथले हवामान समजत नाही.

पाऊस हा हवामानाचा आपल्याला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रकार आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, याचा अर्थ असा की पडलेले पाणी वाहून गेले नसते, मुरले नसते आणि उडून गेले नसते, तर जमिनीवर त्याचा तेवढ्या जाडीचा थर साचला असता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि एका हेक्टरवर १०,००० लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरइतके. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या संदर्भात हा आकडा वाचला की एका मिलिमीटरची किंमत कळते. हवामान विभाग सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस एकत्र धरतो. त्यात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’ मानला जातो. १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, ६४.४ पर्यंतचा मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापलीकडचा अत्यंत मुसळधार, अशी ही वर्गवारी आहे. ढगफुटी हा शब्द तर आपण फारच सैलपणे वापरतो. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तर ती ढगफुटी. मेन रोडवर गुडघाभर पाणी साचणे याला गटारांची अवस्थाही कारण असू शकते.

ही वर्गवारी अत्यंत उपयोगी आहे, परंतु तिच्यात एक गोष्ट सामावत नाही. सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसभर सावकाश पडला तर तो जमिनीत मुरतो, विहिरींना पाझर फुटतो आणि दोन-तीन दिवसांनी छान वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, येतो. तोच सत्तर मिलिमीटर दीड तासात कोसळला तर सुपीक माती ओढ्याला जाते, सोयाबीनच्या ओळी उघड्या पडतात आणि वितीखालची जमीन कोरडीच राहते. तक्त्यात दोन्ही ‘मुसळधार’च. आपल्या बोलण्यातली वर्गवारी या ठिकाणी पुढे जाते. भुरभुर, रिमझिम, भीज पाऊस, सर, संततधार, झड, वळीव या प्रत्येक नावात पाण्याच्या मापापेक्षा थेंबाचा आकार, पडण्याचा वेग आणि किती वेळ टिकला याची माहिती आहे. झड म्हटले की तीन-चार दिवस सूर्यदर्शन नाही, कपडे वाळत नाहीत आणि निंदणीला माणसे मिळूनही शेतात पाय ठेवता येत नाही, हे सगळे कळते. उघडीप म्हणजे नुसता पाऊस थांबणे नव्हे. शेतात औत घालण्याजोगा कोरडा अवकाश मिळणे. मला असे मनापासून वाटते की गावातला जाणता माणूस जेव्हा ‘काल भीज पाऊस झाला’ असे सांगतो, तेव्हा तो हवामानाची शास्त्रशुद्ध नोंदच करत असतो, आणि तिच्यासोबत मिलिमीटरचा आकडाही लिहिला गेला तर ती नोंद परिपूर्ण होते.

पावसाच्या नक्षत्रांविषयीही येथे लिहिले पाहिजे, कारण नाशिक ही पंचांग मानणाऱ्यांची नगरी आहे आणि अभ्यासू लोकांकडून नक्षत्रांची टिंगलही पुष्कळ ऐकू येते. सूर्य एका नक्षत्रात १३ ते १४ दिवस असतो. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि कोकणपट्टीत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीखही त्याच आठवड्याजवळ येते. त्यानंतर आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषा, मघा असे करत सप्टेंबरअखेर हस्ताच्या गडगडाटी सरी येतात, ज्यांना आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण रब्बीच्या पेरणीआधी मिळणाऱ्या ओलाव्याचे मोल सांगते. माझ्या मते नक्षत्रे ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची सरासरी आहे. त्या-त्या पंधरवड्यात पावसाची चाल साधारण कशी असते, याचे ते कोष्टक आहे. त्यांच्याकडून यंदाच्या मृगात अमुक दिवशी पाऊस पडेल या अंदाजाची अपेक्षा करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्यामुळे, ताऱ्यांच्या स्थानांवरून मोजलेल्या या निरयन नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकत असतात, हेही लक्षात ठेवायला हवे. ज्या काळात या म्हणी रुळल्या, त्या काळचा मृग आजच्यापेक्षा काही दिवस लवकर लागत होता.

पावसाचे ठिकाण आणि पावसाचा परिणाम हेही नेहमी एकत्र नांदत नाहीत. ऑगस्टमध्ये नाशिक शहरात तुरळक सरी असताना गोदावरीच्या पात्रातल्या रामकुंडावर पाणी चढू लागते, कारण पाऊस त्र्यंबकच्या डोंगरांत झालेला असतो आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू केलेला असतो. लोक गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले ते पाहतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला, ही आपली पूर मोजण्याची परंपरागत पट्टी आहे. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदाकाठाने मोठे पूर पाहिले. काठावरच्या दुकानदाराला म्हणून आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा तीस किलोमीटर पश्चिमेच्या आभाळाची बातमी अधिक मोलाची असते.

उन्हाळ्यातला वळीव हा पावसाचा स्वभावाने अगदी वेगळा प्रकार आहे. मोसमी पाऊस दूरच्या समुद्रावरून येतो, तर वळीव जवळजवळ जागच्या जागी जन्मतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वेगाने वर जाते, आणि कुठूनतरी थोडे बाष्प मिळाले की दुपारी तीन-चारच्या सुमारास आकाशात कापसाच्या राशींसारखे ढग उभे राहू लागतात. १८०३ साली ल्यूक हॉवर्ड या इंग्रज अभ्यासकाने ढगांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्यातून आजची आंतरराष्ट्रीय नावे आली; मराठीत आपण तंतूंसारख्या उंच ढगांना अलकामेघ, पसरट थरांना स्तरमेघ आणि या उभ्या वाढणाऱ्या ढगांना राशिमेघ म्हणतो. राशिमेघ वाढत जाऊन त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर पोहोचला, तिथे तो ऐरणीसारखा पसरला आणि आत विजा चमकू लागल्या की तो गर्जन्मेघ झाला. आधी धुळीचा लोट उठवणारा गार वारा येतो, मग टपोरे थेंब, अर्ध्या तासात सगळे आटोपते. ओझरला झाडे उन्मळून पडतात आणि आडगावला रस्ता कोरडा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, तर ती किती किलोमीटरवर पडली ते कळते; मात्र गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ आपण धोक्याच्या टप्प्यात आहोत असा असतो आणि तेव्हा शेतातल्या एकट्या झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते.

याच गर्जन्मेघांत गारा तयार होतात, आणि गारपिटीविषयी लिहिताना नाशिकच्या माणसाचा हात जड होतो. शून्य अंशाच्या खाली गेलेले, तरीही न गोठलेले पाण्याचे थेंब ढगाच्या वरच्या भागात असतात. बर्फाचा एखादा कण त्यांना भेटला की ते त्याच्यावर गोठतात, वर जाणारा जोरदार प्रवाह त्या कणाला उचलून धरतो, थरावर थर चढतात, आणि प्रवाहाला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. जमीन तापलेली आणि वरची हवा अतिशय थंड, हा संयोग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सहज जुळतो. भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे, म्हणजेच पश्चिमी विक्षोभ, तेव्हा उत्तर भारतावरून जात असतात आणि त्यांच्यासोबत वरच्या थरांत थंड हवा येते. दुर्दैवाने हाच द्राक्षे काढणीला येण्याचा काळ आहे. २०१४ साली फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर जी गारपीट झाली, तिने आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे, डाळिंबे, कांदा आणि गहू यांची जी दैना केली ती निफाड-दिंडोरीत अजूनही सांगितली जाते. एका घडासाठी छाटणीपासून चार महिने राबलेला माणूस दहा मिनिटांत सर्व गमावतो. त्यामुळे ‘अवकाळी पाऊस’ हे शब्द शहरात गारव्याच्या आनंदाने उच्चारले जातात, तेव्हा मला वेदना होतात.

थंडीचा मामला याच्या उलट आहे. ती आकाशात काही घडल्यामुळे येत नाही, आकाश रिकामे असल्यामुळे येते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात, आभाळ निरभ्र होते आणि रात्री वारा पडतो. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, आणि ती अडवून परत पाठवायला ढग नसतात, बाष्पही थोडेच असते. थंड झालेली हवा जड होऊन सखल भागात साचते. निफाड तालुका गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यात वसलेला, मोकळ्या शेतजमिनीचा आहे, तर नाशिक शहरात सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतात. त्यामुळे निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा शहरापेक्षा बहुधा खालीच असतो. तो पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या आपण अनेक हिवाळ्यांत वाचलेल्या आहेत. हे तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत मोजतात. गवताच्या पात्यापाशी ते आणखी काही अंशांनी कमी असते, म्हणून पारा तीन-चार अंश दाखवत असतानाही पानांवरचे दव गोठलेले आढळते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिकने उतरले असेल, तर हवामान विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो. द्राक्षाच्या मण्यांची फुगवण मात्र लाट जाहीर होण्याची वाट पाहत नाही. म्हणून बागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात, कारण ओली जमीन उष्णता अधिक साठवते आणि सावकाश सोडते, आणि बागेत जागोजागी शेकोट्याही पेटवतात.

ढगाळ हवामान हा प्रकार शहरातल्या माणसाच्या हिशेबी जवळजवळ नसतोच. पाऊस नाही, ऊन नाही, थंडी बेताची. फिरायला जावे असा दिवस. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षे पिकवतात आणि त्यांच्या मुखातून ‘आभाळ आलंय’ हे दोन शब्द ज्या स्वरात निघतात, तो स्वर मी मुसळधार पावसाच्या वेळीही ऐकलेला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट आणि फुलोरा असताना पाने रात्रभर ओली राहिली आणि दिवसा ऊन पडले नाही, तर डावणी म्हणजे केवडा येतो. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते आणि घडच्या घड कुजतात. पाने ओली नसली तरी हवा दमट, प्रकाश मंद आणि तापमान सौम्य असेल तर भुरी येते, जिची राखेसारखी पूड मण्यांवर बसते. कांद्यावर याच दिवसांत करपा येतो. एका दिवसाच्या मळभाला उत्तर म्हणून फवारणीची एक फेरी, मजुरी, डिझेल आणि औषधाचा खर्च, अशी बेरीज सुरू होते. पर्जन्यमापकात शून्य नोंदवलेला दिवस पिकाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट दिवस असू शकतो, ही गोष्ट मला मामांच्या बागेत उमगली, कोणत्याही तक्त्यातून नव्हे.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगता येईल. कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिकने चढले असेल, किंवा पारा थेट ४५ अंशांवर गेला असेल, तर मैदानी भागात उष्णतेची लाट मानतात. मालेगावचा उन्हाळा याच पट्टीवर मोजावा लागतो. परंतु शरीराला जाणवणारा ताप निव्वळ तापमानावर ठरत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते आणि हवेत बाष्प अधिक असले की घाम वाळत नाही. म्हणून पाऊस परतल्यावर ऑक्टोबरात ३३-३४ अंशांचा उकाडाही मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाइतका असह्य होतो. वाऱ्याचे मूळ दाबातल्या फरकात असते. अरबी समुद्रावर दाब फारच उतरला म्हणजे काय होते, हे ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नाशिकलाही दाखवले, जरी इथे पोहोचेपर्यंत त्याचा जोर पुष्कळ ओसरला होता. धुक्याला आपण सौंदर्य मानतो, पण पहाटेच्या मुंबई-आग्रा महामार्गावर तो हवामानाचा सर्वांत घातक प्रकार आहे.

एवढे सगळे लक्षात घेतले की हवामानाच्या अंदाजाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे आपोआप स्पष्ट होते. वातावरणाच्या आरंभीच्या स्थितीतला अगदी बारीक फरकही पुढे वाढत जाऊन चित्र पालटून टाकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले, आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे दिवसवार अंदाज देणे म्हणूनच शक्य मानले जात नाही. वळिवासारख्या छोट्या ढगांच्या बाबतीत तर ही मर्यादा काही तासांवर येते. रडारवर ढग दिसल्यावर पुढच्या तीन तासांसाठी जो इशारा दिला जातो, तोच तेव्हा खरा उपयोगी असतो. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशाऱ्यांचे रंगही पावसाची मात्रा दाखवणारी पट्टी नाहीत. त्या हवामानाचा परिणाम किती होऊ शकतो आणि आपण किती सज्ज राहावे, हे ते सांगतात. नाशिक जिल्ह्याच्या इशाऱ्यात घाट परिसराचा उल्लेख अलीकडे वेगळा येतो, ही मला फार स्वागतार्ह गोष्ट वाटते, आणि वाचताना आपण कोणत्या भागात राहतो ते पाहूनच ओळ निवडावी. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो बागायतदारांइतकाच गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनीही वाचावा असा असतो.

शाळांनी आणि घरांनी स्वतःचा पर्जन्यमापक ठेवावा, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी तळापासून तोंडापर्यंत सारख्याच व्यासाचे, सरळ भिंतींचे आणि सपाट तळाचे कोणतेही भांडे चालते, कारण त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस असतो. भांडे उघड्यावर, आणि जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावे, अन्यथा आडोशामुळे पाऊस कमी भरतो. मोजणी रोज सकाळी साडेआठ वाजता करावी, म्हणजे आपला आकडा हवामान विभागाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. आकड्याशेजारी पाऊस भुरभुर होता, सर होती की झड होती, वारा कुठून होता आणि आभाळ किती वेळ झाकलेले होते, हेही लिहावे. गारा पडल्या तर त्या भांड्यातच वितळू द्याव्यात आणि मग पाणी मोजावे.